कळफलक, मराठी–इंग्रजी

कळफलक, मराठी–इंग्रजी : ज्या कळफलकाच्या प्रत्येक कळेवर रोमन व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांतील अक्षरे अंकित केलेली असतात आणि त्यांपैकी कोणते उमटावयाचे हे संगणकाच्या आज्ञावलीने ठरते, त्यास द्विलिपी कळफलक म्हणतात. कळेवर बसविलेल्या व सुटी काढता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या आवरणास कळेची टोपी, बाजारातील भाषेत ‘कीकॅप’, असे नाव आहे. टोपीवरील अक्षर ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटते. परंतु कोणते अक्षर कोणत्या बोटाखाली यावे हा निर्णय तेथे कायमचा कोरला जातो. मराठीच्या बाबतीत असा निर्णय दोनदा, दोन भिन्न तत्त्वांवर झाला. पहिला रद्द न होताच दुसरा अमलात आला आणि आज दोन्ही शेजारी शेजारी नांदत आहेत. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत मराठीशिवाय गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, हिंदी व छत्तीसगढी या भाषा बोलल्या जातात; त्यामुळे या निर्णयांचे बरेवाईट परिणाम तेथे विशेष स्पष्टपणे दिसतात.

इतिहास : क्रिस्टोफर लॅथम शोल्स व त्यांचे सहकारी यांनी १८६८ मध्ये अमेरिकेत टंकलेखन यंत्राचे एकस्व मिळविले व पुढे रेमिंग्टन कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले [→ टंकलेखन यंत्र]. १८७८ च्या सुधारित नमुन्यात एकाच दांडीवर मोठ्या व लहान लिपीतील दोन अक्षरे बसविण्यात आली आणि ‘शिफ्ट’ कळेने त्यांतील एक निवडण्याची सोय झाली. सव्वीस अक्षरांच्या रोमन लिपीस ही रचना पुरून उरली. देवनागरीचे तसे नव्हते. स्वर, व्यंजने, स्वरांची चिन्हे, अर्धी अक्षरे, रफार व जोडाक्षरे मिळून शेकडो आकृती होत असत व यंत्रावर कळा होत्या सु. ४६, म्हणजे जागा ९२.

या अडचणीतून देवनागरी टंकलेखन यंत्राच्या रचनाकारांनी काढलेला मार्ग कल्पक होता. देवनागरीतील पुष्कळ अक्षरांना उजवीकडे उभा दंड असतो. दंड वगळून अक्षराचा उरलेला भाग एका कळेवर ठेवला व दंडासाठी काना वापरला, की एकाच कळेतून अर्धे व पूर्ण अशी दोन्ही रूपे साधतात. अनुस्वार, मात्रा, उकार यांसाठी दाबल्यावर गाडी पुढे न सरकविणाऱ्या ‘मृत’ कळा योजण्यात आल्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी उमटविण्याचा परिपाठ पडला. थोडक्यात, हा कळफलक अक्षराच्या उच्चारावर नव्हे, तर त्याच्या आकृतीवर आधारलेला होता. ‘कि’ लिहिताना टंकलेखक प्रथम वेलांटी व मग क उमटवीत असे, आणि बोलताना मात्र त्याचा क्रम नेमका उलटा होत असे.

लिपी यंत्रासारखी करावी की यंत्र लिपीसारखे करावे, हा वादही याच काळातला. विनायक दामोदर सावरकरांनी पुरस्कारिलेल्या अ-च्या बाराखडीत ‘इ’, ‘उ’ यांऐवजी ‘अि’, ‘अु’ लिहिले म्हणजे स्वरांचे स्वतंत्र खिळे वाचत, आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती काही काळ छापूनही दाखविली. १९५३ मध्ये लखनौ येथील परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे आखूड दंडाने काढण्याची सूचना केली. ती वाचकांच्या पचनी पडली नाही व काही वर्षांतच मागे घेतली गेली. टंकलेखकाची सोय आणि वाचकाची सवय यांत वाचकाची सवय वरचढ ठरली, आणि ते योग्यच झाले असे म्हणावे लागते.

मराठी टंकलेखन यंत्रास खरी मागणी आली ती राजभाषेच्या निर्णयांमुळे. चांदा जिल्हा (१९६४ पासून चंद्रपूर) मूळचा मध्य प्रांतातील. १९५० मध्ये त्या राज्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही शासनव्यवहाराची भाषा ठरली. दरम्यान १९५५ मध्ये गोदरेज अँड बॉइस या कंपनीने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले होते. तिच्या मराठी यंत्रांनी पुढील चार दशके कचेऱ्या, न्यायालये व टंकलेखन संस्था व्यापल्या. न्यायालयीन व वनखात्याच्या पत्रव्यवहारात इंग्रजी राहिलीच असल्याने एका मेजावर इंग्रजी व दुसऱ्यावर मराठी अशी दोन यंत्रे ठेवणे भाग पडे. या जिल्ह्यापुरते एक गमतीचे नाते येथे नोंदविण्यासारखे आहे : यंत्रात घालावयाचा कागदही याच अरण्यातून येत असे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्यात परिसरातील जंगलांचा बांबू लगद्यासाठी वापरला जाई.

लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्द वा इंग्रजीत ४० शब्द हा किमान वेग मागितला जाऊ लागल्याने टंकलेखनाचे प्रमाणपत्र हे तालुक्याच्या गावातील तरुणास सरकारी नोकरीचे सर्वांत स्वस्त दार वाटू लागले. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेतर्फे या परीक्षा घेतल्या जातात. विद्यार्थी न पाहता लिहिण्यास शिके. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली क, उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली काना, ही जागा त्याच्या हाडीमाशी खिळे. पाहून लिहिणाऱ्यास टोपीवरील अक्षराची गरज असते व शिकलेल्यास ती उरत नाही. यामुळेच, ज्यास शिकवणी मिळाली नाही त्याच्यापुरते टोपीवरील अक्षर हेच शिक्षक असते. गोदरेजने टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ च्या सुमारास थांबविले आणि राज्यातील यंत्रावरील परीक्षा २०१७ मध्ये संपून तिची जागा संगणक टंकलेखनाच्या परीक्षेने घेतली.

इनस्क्रिप्ट : कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत भारतीय लिप्यांसाठी संगणकीय तंत्र विकसित झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, ते ‘जिस्ट’ या नावाने पुढे नेले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये इनस्क्रिप्ट हा कळफलक मान्य केला व १९८८ मध्ये त्यात सुधारणा केली. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की संकेतप्रणालीच्या मानकात (क्र. १३१९४) त्यास स्थान दिले.

इनस्क्रिप्टचे तत्त्व टंकलेखन यंत्राच्या नेमके उलट आहे. तो उच्चारावर आधारलेला आहे. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला. अल्पप्राण व्यंजन साध्या दाबाने व त्याचेच महाप्राण ‘शिफ्ट’सह, उदा., क–ख, ग–घ, त–थ, द–ध, प–फ, ब–भ. वेलांटी व्यंजनानंतर लिहावयाची, म्हणजे जसे बोलावे तसे. अर्ध्या अक्षरासाठी स्वतंत्र कळ नाही. पाय मोडण्याच्या चिन्हाने जोडाक्षर आपोआप सिद्ध होते. भाषेच्या व्याकरणाशी इतका मेळ साधणारा कळफलक फार थोड्या लिप्यांच्या वाट्यास आला आहे.

परंतु जुन्या टंकलेखकाच्या दृष्टीने हा बदल जवळजवळ क्रूर होता. रोमन ‘के’च्या कळेवर त्याला काना सापडत असे, इनस्क्रिप्टमध्ये तेथे क आला. रोमन ‘डी’च्या कळेवर त्याचा क होता, तेथे आता पाय मोडण्याचे चिन्ह आहे. एका हाताचे बोट दुसऱ्या हाताशी बदलावे असे हे आहे. म्हणून अनेक वर्षे संगणकावरही जुनाच कळफलक ‘रेमिंग्टन’ किंवा ‘टाइपरायटर’ या नावाने आज्ञावल्यांमधून चालू ठेवण्यात आला. परीक्षेसाठी विद्यार्थी जुनी मांडणी शिकत राहिले व शासनाचे आदेश इनस्क्रिप्ट वापरा असे सांगत राहिले. दोन्हींतील कोणती मांडणी टोपीवर छापावी, याचे उत्तर त्यामुळे ग्राहकागणिक बदलते. १९९० च्या दशकात कचेऱ्यांतून इंग्रजी कळफलकावर देवनागरी अक्षरांचे पारदर्शक कागद चिकटवून वेळ मारून नेली जाई. हे कागद घामाने उचकटत आणि सर्वांत आधी झिजत ती अर्थातच सर्वाधिक वापराची अक्षरे.

युनिकोड प्रणालीच्या प्रसारानंतर निरनिराळ्या मुद्राक्षरांचा गोंधळ कमी झाला. २००० मध्ये विंडोज प्रणालीत देवनागरीची अंगभूत सोय आली; तीमधील ‘मंगल’ हे मुद्राक्षर र. कृ. जोशी यांच्या आराखड्याचे. ‘ॲसिड’सारख्या शब्दांसाठी मराठीस लागणारे ‘ॲ’ हे अक्षर मात्र युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्येच आले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वये मराठी वर्णमाला व अक्षरांची मान्य वळणे ठरवून दिली. वाढीव इनस्क्रिप्टचे भारतीय मानक (क्र. १६३५०) २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

टोपीची रचना व प्रकाश : यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेले स्वतंत्र बटन असते. जर्मन चेरी कंपनीच्या १९८० च्या दशकातील बटनाचा अधिक-चिन्हासारखा दांडा पुढे सर्वमान्य झाला व त्यावर बसणाऱ्या टोप्या जगभर परस्परांत बदलता येऊ लागल्या. दोन कळांमधील अंतर १९·०५ मिमी. (पाऊण इंच) असते. टोपीच्या माथ्यावर अक्षरास मिळणारी जागा जेमतेम १२ ते १४ मिमी. रुंद. एवढ्यात द्विलिपी कळफलकास काही ठिकाणी चार चिन्हे बसवावी लागतात. चौकटी कंसाच्या कळेवर दोन कंस आणि त्यांखाली ड व ढ येतात.

अक्षर उमटविण्याच्या पद्धती तीन. दुहेरी ओतणीत अक्षर एका प्लॅस्टिकचे व टोपी दुसऱ्या प्लॅस्टिकची असते. ते अक्षर कधीच झिजत नाही. मात्र प्रत्येक अक्षरासाठी पोलादी साचा लागतो व व, ब, ठ यांसारख्या बंद गाठीच्या आतील तुकडा जागेवर राहावा म्हणून खालून जोड द्यावा लागतो. म्हणून ही पद्धत मोठ्या संख्येनेच परवडते. दुसऱ्या पद्धतीत उष्णतेने रंग प्लॅस्टिकमध्ये मुरविला जातो. थोड्या संचांसाठी ती सोयीची, परंतु गडद रंगाच्या अक्षरातून प्रकाश पार होत नाही. प्रकाश हवा असल्यास अक्षर मोकळे सोडून भोवतालची पार्श्वभूमी रंगवावी लागते. तिसऱ्या पद्धतीत दुधी प्लॅस्टिकवर काळा थर देऊन तो लेसरने अक्षराच्या आकारात खरवडतात. घरगुती वा एकट्या ग्राहकाच्या मागणीचे मराठी संच बहुधा अशाच रीतीने बनविता येतात, कारण तीत साचा लागत नाही.

प्रकाशित टोप्यांत एक अडचण आहे व तिची चर्चा फारशी होत नाही. बटनातील दिव्याची जागा बहुधा दांड्याच्या मागच्या, म्हणजे लिहिणाऱ्यापासून दूरच्या बाजूस असते. प्रकाश त्यामुळे टोपीच्या माथ्याच्या वरच्या अर्ध्या भागात एकवटतो. द्विलिपी टोपीवर प्रचलित रीतीप्रमाणे रोमन अक्षर वर डावीकडे व देवनागरी खाली उजवीकडे छापतात. परिणामी अंधारात रोमन अक्षर लख्ख उजळते व त्याखालचे देवनागरी जेमतेम दिसते. यावर दोन उपाय आहेत : दोन्ही अक्षरे वरच्या अर्ध्यात शेजारी शेजारी आणणे, किंवा देवनागरीस वरची जागा देऊन रोमन खाली नेणे. दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा आहे. रोमन मांडणी बहुतेकांच्या बोटांत बसलेली असते. पाहावे लागते ते देवनागरीसाठी. तयार माल बनविणारे मात्र इंग्रजी टोपीचा आराखडा तसाच ठेवून उरलेल्या कोपऱ्यात देवनागरी घालतात. मराठी माणसाने स्वतःचा संच बनवून घेण्याचे सर्वांत सबळ कारण तेच होय.

दुसरे कारण अक्षरांचे आहे. बाजारातील देवनागरी टोप्या हिंदी ग्राहकास समोर ठेवून बनतात. त्यांवरील ल व श यांची वळणे मराठी शाळेत शिकविलेल्या वळणांहून निराळी असतात व इनस्क्रिप्टमधील १ च्या कळेवर मराठीतील ‘ॲ’ऐवजी ‘ऍ’ असतो. ‘जे’च्या कळेवर ‘शिफ्ट’सह येणारा ऱ हिंदी ग्राहकास निरुपयोगी असल्याने कधी कधी गाळलेलाही आढळतो. मराठीत मात्र त्यावाचून अडते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेद त्याच एका कळेवर अवलंबून आहे. सुटी स्वरचिन्हे टोपीवर कशी दाखवावी हाही प्रश्न असतो. त्यासाठी ठिपक्यांच्या वर्तुळाभोवती चिन्ह काढण्याची पद्धत रूढ आहे. वर्तुळ फार ठळक काढल्यास अंधारात तेच आधी दिसते व मात्रा हरवते.

टोप्या उचलून इकडच्या तिकडे लावल्या की जुनी मांडणी नवी होईल, असे काहींना वाटते. ते शक्य नाही. नेहमीच्या टोप्यांचा उतार ओळीगणिक वेगळा असतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे एका टोपीवरील जोड्याच वेगळ्या आहेत. टंकलेखन यंत्राच्या टोपीवर पूर्ण व अर्धे क असतात, तर इनस्क्रिप्टच्या टोपीवर क व ख.

चंद्रपूर व गडचिरोली : १९८२ मध्ये (२६ ऑगस्ट) चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. दक्षिणेस गोदावरी व प्राणहिता यांच्या काठचा सिरोंचा तालुका तेलुगूभाषक लोकवस्तीचा, तर मुलचेरा व चामोर्शी भागांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात होता. अशा प्रदेशात इनस्क्रिप्टचा एक गुण विशेष फलदायी ठरतो. भारतीय लिप्यांतील समान उच्चाराची अक्षरे त्यात एकाच कळेवर असतात. ज्याने देवनागरी क ‘के’च्या कळेवर शिकला त्याला तेलुगू व बंगाली क शोधावा लागत नाही. सिरोंच्यातील लिपिकाने मराठी अर्ज व तेलुगू पत्र लिहिताना लिपी बदलते, बोट बदलत नाही. रेमिंग्टन मांडणीस हे शक्यच नव्हते, कारण तेलुगू अक्षरास देवनागरीचा दंड नाही व त्याचे तुकडे तसे पडत नाहीत.

लेखनाची गरज या भागात अलीकडे कचेरीतून गावात आली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. अशी मान्यता मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक होय. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तकही गावाच्या ग्रामसभेकडे सोपविण्यात आले. पूर्वी वनखात्याचा लिपिक टंकित करीत असलेला ऐवज – ठराव, परवाने, लिलावाच्या नोटिसा, हिशेब – आता ग्रामसभांना स्वतः सिद्ध करावा लागतो. ही कामे करणाऱ्या गोंड व माडिया तरुणांसाठी मराठी ही घरची भाषा नव्हे, शाळेत शिकलेली भाषा होय, आणि इंग्रजी तिसरी. वेगाचे प्रमाणपत्र नसलेल्या अशा हातांना टोपीवर नीट दिसणारे अक्षर हा शोभेचा विषय राहत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो व वीजपुरवठाही विस्कळित होतो. राज्यातील सर्वांत मोठ्या औष्णिक विद्युत् केंद्रांपैकी एक (२,९२० मेगॅवॉट) शेजारच्या चंद्रपुरात असले तरी. प्रकाशित टोप्यांचा तेथे उपयोग उघड आहे. पण त्या विजेवरच चालतात हेही विसरता येत नाही. यूएसबी २ जोडणीतून ५ व्होल्ट दाबास कमाल ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. शंभर कळांच्या दिव्यांनी प्रत्येकी ५ मिलिअँपिअर घेतल्यास ती मर्यादा दिव्यांतच संपते. म्हणून बॅटरीवर काम करताना दिवे मंद ठेवणे व केवळ देवनागरी अक्षरे पारदर्शक ठेवून रोमन अक्षरे साध्या रंगात छापणे हे अधिक काटकसरीचे.

गोंडीचा प्रश्न यापुढचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडीभाषकांची संख्या सु. २९ लाख ८४ हजार होती. महाराष्ट्रात गोंडी बहुधा देवनागरीत लिहिली जाते, म्हणून मराठी टोप्यांवर तिचे काम भागते. तथापि तिला स्वतःच्या लिप्याही आहेत. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी २०१७ मध्ये, तर चंद्रपूरच्या सीमेस लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांमधून उजेडात आलेली लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. दोन्ही लिप्यांची मुद्राक्षरे उपलब्ध आहेत. मात्र २०१६ चे वाढीव इनस्क्रिप्टचे मानक घटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपुरते आहे व गोंडी त्या अनुसूचीत नाही, सु. १४ लाख ८३ हजार भाषक असलेली बोडो व सु. १७ लाख ६१ हजार भाषक असलेली मणिपुरी या मात्र तीत आहेत. गोंडी लिपीचे कोणते अक्षर कोणत्या कळेवर असावे याचा निर्णय त्यामुळे ज्याने त्याने स्वतःच करावयाचा असतो, आणि ज्यास गोंडी अक्षरांच्या टोप्या हव्या असतील त्याने मांडणीही स्वतःच आखून लेसरने कोरणाऱ्याकडे द्यावी लागते.